टेलिफोनच्या वाटेनं आलेलं नेटवर्क

नेटवर्कच्या केबली ओढणाऱ्या कुठल्याही पोराला अर्ध्या झोपेतून उठवून विचारा, तो घडाघडा म्हणून दाखवेल: ऑरेंज-व्हाइट, ऑरेंज, ग्रीन-व्हाइट, ब्लू, ब्लू-व्हाइट, ग्रीन, ब्राउन-व्हाइट, ब्राउन. आठ तारा, चार जोड्या. याच क्रमानं त्या प्लास्टिकच्या प्लगमध्ये सरकवायच्या आणि क्रिंपिंग टूल दाबायचं. क्रम पाठ असला की काम होतं, त्यामुळे त्यातली खोड सहसा कुणाच्या नजरेत येत नाही. नारंगी जोडीच्या तारा शेजारी-शेजारी आहेत, तपकिरी जोडीच्याही, निळ्या जोडीच्याही. हिरव्या जोडीची मात्र ताटातूट झाली आहे. तिची एक तार तिसऱ्या पिनवर, दुसरी सहाव्या पिनवर आणि मध्ये निळी जोडी ठाण मांडून बसलेली. एकत्र पिळलेल्या दोन तारा अशा फाकवणं विजेच्या हिशेबानं गैरसोयीचं. कोऱ्या कागदावर संगणकासाठी प्लग आखायला बसलेला इंजिनिअर असं कधीच करणार नाही.

पण कागद कोरा नव्हता. अमेरिकी टेलिफोनच्या रिवाजात प्लगच्या मधल्या दोन पिना पहिल्या लाइनच्या आणि त्यांच्या अलीकडची-पलीकडची पिन दुसऱ्या लाइनची. संगणकवाले त्या प्लगमध्ये मागाहून राहायला आले. त्यांनी मधल्या चार पिनांची मांडणी आहे तशी ठेवली आणि कडेच्या चार तेवढ्या आपल्या सोयीनं लावून घेतल्या. निळी जोडी टेलिफोनसाठी मोकळी सोडायची आणि 1-2 व 3-6 या पिनांवर संगणकाचं बोलणं चालवायचं, असा सुरुवातीचा करार होता.

ऑफिसातल्या वायर्ड नेटवर्कची वंशावळ काढायला बसलं की अशी दोन घराणी समोर येतात. एक प्रयोगशाळेतलं, माहितीचे तुकडे करून ते सामायिक वाटेवर सोडणारं. दुसरं टेलिफोनचं, भिंतीतून, छतातून, जिन्याच्या पोकळीतून तारा नेणारं. गौरव पहिल्या घराण्याचा होतो. मात्र ऑफिसात माणसं वाढली, टेबलं हलली, भाडेकरू बदलले, तेव्हा नेटवर्क टिकलं ते दुसऱ्या घराण्याच्या शिस्तीमुळे.

पीळ

सुरुवातीचा टेलिफोन एकाच तारेवर चालत असे. परतीची वाट म्हणजे जमीन. शहरांत विजेच्या तारा आल्या तसा टेलिफोनमध्ये गुणगुणाट आणि शेजारच्या लाइनवरचं बोलणं ऐकू येऊ लागलं. परतीसाठी दुसरी तार द्यायची आणि दोन्ही एकमेकींभोवती पिळायच्या, हा उपाय अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं सुचवला आणि 1881 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली.

यातली युक्ती साधी आहे. पिळलेल्या दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट जवळपास सारखा पडतो. पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक वाचतं, त्यामुळे सारखा पडलेला गोंगाट आपोआप वजा होतो. आजच्या कॅट 6 केबलचं वरचं आवरण वीतभर सोलून पाहा. चारही जोड्यांचे पीळ वेगवेगळे दिसतील, एकीचे घट्ट, दुसरीचे सैल. सगळ्यांचा पीळ सारखा असता तर शेजारच्या जोडीतलं बोलणं या जोडीत झिरपलं असतं. म्हणूनच आयओवर, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटवर, तार बसवताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही असा दंडक आहे. घाईत दोन इंच उलगडून पंच केलेला पॉइंट साध्या टेस्टरवर पास होतो, आणि पुढे मोठ्या फाइली हलवताना रडवतो.

टेलिफोननं पिळासोबत आणखी दोन गोष्टी ठेवल्या होत्या. प्रत्येक टेबलापासून मजल्यावरच्या एका खोलीपर्यंत स्वतंत्र जोडी न्यायची, ही एक. आणि यंत्राला लागणारी वीज एक्स्चेंजच्या 48 व्होल्टच्या बॅटरीतून त्याच तारांवर पाठवायची, ही दुसरी. संगणकाच्या नेटवर्कनं सुरुवातीला दोन्हींकडे पाठ फिरवली.

सगळ्यांची मिळून एक तार

प्रयोगशाळेच्या घराण्याचा मूळपुरुष समुद्रापलीकडचा आहे. हवाई विद्यापीठातल्या नॉर्मन अब्रॅमसन यांच्यापुढे बेटाबेटांवरची यंत्रं मुख्य संगणकाला जोडण्याचा प्रश्न होता. 1971 मध्ये त्यांचं अलोहानेट रेडिओवर सुरू झालं. पाळी लावून देणारा मुकादम कुणी नाही. ज्याला पाठवायचं असेल त्यानं पाठवावं, दोघांचं एकदम निघालं आणि धडक झाली तर दोघांनी कमी-जास्त वेळ थांबून पुन्हा पाठवावं. ही मोकळीक महाग पडत होती. गणितानुसार वाहिनीच्या क्षमतेपैकी जेमतेम 18 टक्केच कारणी लागत.

कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात त्याच सुमारास आल्टो नावाचा वैयक्तिक संगणक आणि लेसर प्रिंटर घडत होते. हे सगळे आल्टो एकमेकांना आणि प्रिंटरला जोडायचे होते. रॉबर्ट मेटकाफ यांनी अब्रॅमसन यांचं काम बारकाईनं अभ्यासलं होतं. त्यांनी त्यात दोन सुधारणा केल्या: बोलण्याआधी तारेवर कुणी बोलतंय का ते ऐकायचं, आणि बोलतानाही कान उघडे ठेवायचे, म्हणजे धडक लगेच कळते. 22 मे 1973 च्या टिपणात त्यांनी ही कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्स यांच्या जोडीनं ती उभी केली. वेग होता सेकंदाला 29 लाख 40 हजार बिट, कारण आल्टोच्या घड्याळातून तेवढाच सहज निघत होता. 1976 मध्ये दोघांनी लिहिलेल्या निबंधात सुमारे किलोमीटरभर केबल आणि तिच्यावर शंभर यंत्रं अशा चालत्या जाळ्याचं वर्णन आहे. हे इथरनेट. मेटकाफ 1979 मध्ये झेरॉक्समधून बाहेर पडले, थ्रीकॉम ही कंपनी काढली, आणि 1980 मध्ये डिजिटल, इंटेल व झेरॉक्स यांनी मिळून 1 कोटी बिट, म्हणजे 10 मेगाबिट वेगाचं प्रमाणपत्रक जाहीर केलं. 1983 मध्ये आयईईईनं त्याला 802.3 या क्रमांकानं मान्यता दिली.

या इथरनेटची तार करंगळीएवढी जाड होती, बहुधा पिवळी. एक तुकडा जास्तीत जास्त 500 मीटर. तिच्यावर दर अडीच मीटरला खूण छापलेली असे आणि यंत्र जोडायचं ते खुणेवरच, नाहीतर जोडांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून गोंधळ घालत. जोडायची रीतही अंगावर येणारी: केबलवर चिमट्यासारखं उपकरण आवळायचं, आवरणाला भोक पाडायचं आणि आतल्या तांब्यापर्यंत सुई पोचवायची. सुई वाकडी गेली की सगळ्यांचंच बोलणं बंद. या जोडाला धंद्यात व्हॅम्पायर टॅप म्हणत.

मग आली बारीक को-ऐक्स केबल, टीव्हीच्या केबलीएवढी. एक तुकडा 185 मीटर, त्यावर तीस यंत्रं. प्रत्येक संगणकाच्या मागे धातूचा टी-कनेक्टर आणि दोन्ही टोकांना 50 ओहमचा टर्मिनेटर. नव्वदीच्या सुरुवातीला मुंबई-पुण्यात ज्यांनी नॉव्हेल नेटवेअरवर काम केलं, त्यांच्या बोटांना तो टी अजून आठवत असेल. ही व्यवस्था गणपतीच्या आराशीतल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखी होती: एक दिवा गेला की अख्खी माळ अंधारात. टेबल सरकवताना कुणी टी संगणकापासून सोडवला तर काही बिघडत नसे. तोच केबलपासून सोडवला की तार दोन तुकड्यांत पडे, मोकळ्या टोकांवरून सिग्नल उलटे फिरत आणि तीसच्या तीस माणसं हात बांधून बसत. मग एकजण हातात टर्मिनेटर घेऊन माळेच्या मध्यावर जाई, ती तिथे तोडून टर्मिनेटर लावी आणि कोणता अर्धा भाग जिवंत होतो ते बघे. त्यानंतर उरलेल्या अर्ध्याचा अर्धा. दहा माणसांच्या खोलीत हे चालून जाई. शंभर माणसांच्या मजल्यावर तो रोजचा धंदा होऊन बसे.

तार पुन्हा खोलीत

हे दुखणं एमआयटीतल्या जेरोम सॉल्टझर आणि केनेथ पोग्रन यांनी लवकर ओळखलं. 1979 मध्ये त्यांनी एका वर्तुळाकार जाळ्याबद्दल लिहिताना आग्रह धरला तो वेगाचा नव्हे, दुरुस्तीच्या सोयीचा. जाळं तत्त्वतः वर्तुळ असो, पण तारा मात्र प्रत्येक टेबलापासून एका मध्यवर्ती ठिकाणी आणा, म्हणजे बिघडलेली फांदी तिथेच उभं राहून बाजूला काढता येईल. आयबीएमनं 1985 मध्ये आणलेल्या टोकन रिंगची मांडणी याच धर्तीची होती. तिच्यात धडकाच नव्हत्या, बोलण्याची पाळी टोकननं ठरे. 1989 मध्ये तिचा वेगही 16 मेगाबिट झाला, तेव्हाच्या इथरनेटपेक्षा जास्त. पण ती आयबीएमच्या जाड, आवरणबंद, महागड्या केबलीच्या भरवशावर आली होती, आणि तिचे सुटे भागही महाग.

दरम्यान 1 जानेवारी 1984 रोजी अमेरिकेत टेलिफोनची मक्तेदारी मोडली. तोवर इमारतीतल्या तारांची काळजी टेलिफोन कंपनी वाहत होती. आता ती मालकाच्या गळ्यात आली. प्रत्येक संगणक कंपनी आपापली वेगळी केबल गळ्यात मारत होती आणि भिंतीत मात्र टेलिफोनच्या पिळलेल्या तारा टेबलाटेबलापर्यंत आधीच पोचलेल्या होत्या. त्यांवरच डेटा का चालवू नये? एटीअँडटीनं स्टारलॅन नावानं 1 मेगाबिट चालवून दाखवला. पार्कमधूनच बाहेर पडलेल्या मंडळींच्या सिनऑप्टिक्सनं 1987 मध्ये पिळलेल्या तारेवर पूर्ण 10 मेगाबिट आणला. 1990 मध्ये त्याचं अधिकृत रूप ठरलं, टेन बेस टी. प्रत्येक टेबलाची स्वतंत्र तार मजल्यावरच्या खोलीत, खोलीत एक हब, आणि हबच्या प्रत्येक पोर्टवर एक छोटा हिरवा दिवा. दोन्ही टोकांची यंत्रं गप्प असतानाही तारेवर ठरावीक अंतरानं एक ठोका पाठवत राहतात. ठोका पोचला की दिवा पेटतो. टर्मिनेटर घेऊन फिरणाऱ्या माणसाचं दिवसभराचं काम त्या दिव्यानं एका नजरेत आणलं.

जुलै 1991 मध्ये या सगळ्याला शिस्त लावणारं प्रमाणपत्रक अमेरिकेत निघालं, 568. त्यानं संगणकाची कंपनी, वेग, मॉडेल यांतलं काहीच विचारलं नाही. टेबलापासून मजल्याच्या खोलीपर्यंत कायमची तार 90 मीटरपर्यंत, दोन्हीकडच्या सुट्या पॅच कॉर्ड मिळून 10 मीटर, तारेचा दर्जा अमुक, सॉकेट तमुक, असं सांगून ते थांबलं. टोकन रिंगचा पराभव इथरनेटच्या वेगानं झाला असं पुष्कळदा सांगितलं जातं. 1990 मध्ये वेग टोकन रिंगकडेच होता. इथरनेट जिंकलं कारण ते स्वस्त होतं आणि भिंतीत जे होतं त्यावर चालायला तयार झालं.

गर्दीचा बंदोबस्त

हबनं तारांचा आकार बदलला, स्वभाव नाही. आतून ती एकच तार होती. एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जाई, एकावेळी एकानंच बोलायचं आणि माणसं वाढली की धडका वाढायच्या. जाळ्याचे भाग पाडून मध्ये ब्रिज ठेवायचा, ज्याचं काम त्या भागातलं असेल ते तिथेच ठेवायचं, ही वाट डिजिटल कंपनीनं आधीच दाखवली होती. तिथेच रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये स्पॅनिंग ट्रीची रीत लिहिली. दोन ब्रिजांमध्ये चुकून दोन वाटा झाल्या तर माहिती गोल-गोल फिरत राहते आणि जाळं गुदमरतं. पर्लमन यांच्या रीतीनं यंत्रं आपापसात बोलून जादा वाट स्वतःच बंद करतात. आजही सफाईच्या वेळी लोंबणारी पॅच कॉर्ड दिसते, कुणीतरी भलेपणानं तिचं मोकळं टोक शेजारच्या सॉकेटात खुपसतं आणि स्पॅनिंग ट्री बंद असेल तर काही क्षणांत मजला ठप्प होतो. साधनांचा खर्च शून्य, पण शोधायला अर्धा दिवस.

1990 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कल्पना नावाच्या कंपनीनं इथरनेटचा पहिला स्विच विकायला आणला. तिच्या दोन संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज भारतीय वंशाचे. सात पोर्टांची पेटी, पण प्रत्येक पोर्टला पूर्ण वेग आणि एकावेळी अनेक जोड्यांचं बोलणं. 1994 मध्ये सिस्कोनं ही कंपनी घेतली. पुढे प्रत्येक संगणकाला स्विचचं स्वतःचं पोर्ट मिळालं, बोलणं-ऐकणं एकाच वेळी होऊ लागलं आणि धडक ही गोष्टच संपली. मागे राहिली तिची खूण. इथरनेटवरचा सर्वांत छोटा तुकडा आजही 64 बाइटचा असतो. धडक झाल्याचं पाठवणाऱ्याला बोलणं संपायच्या आत कळावं, यासाठी 10 मेगाबिटच्या काळात हा हिशेब बसवला होता.

स्विचनं धडका संपवल्या, पण सर्वांना उद्देशून मारलेल्या हाका थांबल्या नाहीत. कुणाचा पत्ता कोणता, हे विचारण्यासाठी प्रत्येक यंत्र अशा हाका मारतं. चारशे यंत्रं एका अंगणात असली की त्यांचा कलकलाट आणि शिवाय सुरक्षेची काळजी. हिशेब विभाग, कॅमेरे, पाहुण्यांचे फोन हे एकाच स्विचवर असूनही वेगळे ठेवता यावेत म्हणून प्रत्येक तुकड्यावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवायची, ही व्हीलॅनची रीत 1998 मध्ये 802.1क्यू या क्रमांकानं पक्की झाली. चिठ्ठीत क्रमांकाला बारा बिट, म्हणून जास्तीत जास्त 4094 व्हीलॅन. पूर्वी विभाग बदलला की वायरमन लागे, आता तेच काम कीबोर्डावर होतं.

त्याच तारेवर आणखी

यंत्रं बदलत गेली आणि प्रत्येक पिढीला भिंतीतल्या तारेशी जमवून घ्यावं लागलं. 1995 मध्ये 100 मेगाबिट आलं. 1999 मध्ये कॅट 5 तांब्यावर 1000 मेगाबिट आलं तेव्हा चारही जोड्या कामाला लागल्या आणि टेलिफोनसाठी राखलेली निळी जोडीही संगणकानं घेतली. 2006 मध्ये 10 गिगाबिट तांब्यावर आलं, पण पूर्ण 100 मीटरसाठी त्याला जाड कॅट 6ए केबल हवी होती. त्यासाठी भिंती फोडायला फारसं कुणी तयार झालं नाही. पुढे वाय-फायची यंत्रं एका गिगाबिटात मावेनाशी झाली, तेव्हा 2016 मध्ये उलटा प्रवास करून अडीच आणि पाच गिगाबिटचं प्रमाणपत्रक काढावं लागलं, घातलेल्या कॅट 5ई आणि कॅट 6 केबलींवर चालणारं. वेगाची पायरी या वेळी भिंतीनं ठरवली.

टेलिफोनची तिसरी ठेवही परत आली. 2003 मध्ये पीओई, म्हणजे नेटवर्कच्या तारेतूनच वीज द्यायची रीत ठरली: 48 व्होल्टच्या आसपास, पोर्टमागे 15.4 वॉट. 2009 मध्ये ती 30 वॉट झाली आणि 2018 मध्ये 90 पर्यंत गेली. टेबलावरचा फोन, छतावरचा वाय-फायचा अ‍ॅक्सेस पॉइंट, जिन्यातला कॅमेरा यांना वेगळा प्लग नको. ज्या टेलिफोनच्या तारेवर संगणक भाडेकरू म्हणून आला होता, तो टेलिफोनच आता संगणकाच्या नेटवर्कवर राहतो.

आराखडा मांडताना

दीडशे माणसांचं, दोन मजल्यांचं ऑफिस घ्या. टेबलामागे दोन पॉइंट धरले तर 300. वर प्रिंटर, कॅमेरे, अ‍ॅक्सेस पॉइंट वेगळे. 90 मीटर मोजायचे ते नकाशावर सरळ रेषेत नव्हे, तर टेबलापासून भिंतीवर, फॉल्स सीलिंगवरून वळसा घेऊन रॅकमध्ये उतरेपर्यंत. म्हणून प्रत्येक मजल्याला आपला रॅक आणि दोन रॅकमध्ये फायबर, जमल्यास दोन वेगळ्या वाटांनी. 48 पोर्टांच्या स्विचवर प्रत्येकाला 15.4 वॉट द्यायचे तर जवळपास 740 वॉट लागतात. तेवढा भार स्विचच्या पॉवर सप्लायला, यूपीएसला आणि खोलीतल्या एसीला पेलायला हवा. 192.168 नं सुरू होणाऱ्या नेहमीच्या एका जाळ्यात 254 पत्ते मावतात. माणशी संगणक आणि मोबाइल धरले तरी ते पुरत नाहीत, म्हणून माणसं, फोन, कॅमेरे, पाहुणे असे व्हीलॅन पहिल्याच दिवशी पाडावेत.

आता कोटेशन समोर ठेवा. बहुतेकदा घासाघीस स्विचवर होत नाही, कारण त्यावर नाव छापलेलं असतं. ती केबलवर होते. ठेकेदार स्वस्त केबल सुचवतो आणि ती कित्येकदा तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनिअमची, सीसीए निघते. प्रमाणपत्रकाला शुद्ध तांबं हवं असतं. सीसीएमध्ये अडथळा जास्त, पीओईच्या विजेनं ती जास्त तापते आणि वाकवली की लवकर तुटते. पन्नास वर्षांच्या या वंशावळीत प्रत्येक यंत्र बदललं आणि प्रत्येक नवं यंत्र आधीच्या तारेपुढे वाकलं. म्हणून पैसा आधी तारेत घाला, मग स्विचमध्ये. स्विच पुढे एखाद्या शनिवारी संध्याकाळी बदलता येतो. तार बदलायची तर छत उघडावं लागतं.

त्यामुळे शेवटचं बिल मंजूर करण्याआधी तीन गोष्टी मागून घ्या: केबल शुद्ध तांब्याची असल्याची लेखी हमी, प्रत्येक पॉइंटचा टेस्ट रिपोर्ट, आणि कोणता पॉइंट पॅच पॅनेलच्या कोणत्या क्रमांकावर येतो त्याचा नकाशा. नकाशाची एक प्रत रॅकच्या दाराला आतून चिकटवा.